मच्छिंद्राच्या ट्रकचा पाईप आणि हौशीराम दाजी

हिवरखेड्याला एक जावई होता, आणि तो भोळा होता.

आता भोळा माणूस गावोगावी असतो. पण तो गावचाच असला तर त्याला चार शिव्या हासडता येतात, पाठीत धपाटा घालता येतो. हिवरखेड्याची गोची अशी, की त्यांचा भोळा हा जावई होता. जावयाला शिवी देता येत नाही. त्याला बसायला पाट द्यावा लागतो, पाटाभोवती रांगोळी काढावी लागते, आणि त्यानं घरात कितीही घोळ घातला तरी "असू द्या, असू द्या" म्हणावं लागतं. पदरी पडलं, पवित्र झालं!

नाव हौशीराम. वय चाळिशीच्या आगंमागं. अंगानं असा दणकट, की कांद्याची गोणी एका हातानं उचलायचा आणि दुसऱ्या हातानं मिशी पुसायचा. स्वभावानं गाय. सांगितलेल्या कामाला कधी नाही म्हटलं नाही. तेच तर दुखणं होतं. त्याची बायको कलावती, म्हणजे हिवरखेड्याची लेक, सगळ्यांना आधीच सांगून ठेवायची, "आमचे हे सोन्यासारखे आहेत. फक्त सांगताना जपून सांगायचं. सांगाल तेवढंच करतात, आणि एकदा सांगितलेलं विसरत नाहीत."

लोक पहिलं वाक्य ऐकायचे. दुसरं कुणी ऐकायचं नाही.

तर या कलावतीच्या धाकट्या भावाचं, मच्छिंद्राचं, लग्न ठरलं. मच्छिंद्र ट्रक चालवायचा. ट्रक स्वतःचा, पण वय चौतीस. अकरा मुली बघून झाल्या होत्या, आणि अकराही ठिकाणी "ड्रायव्हर नको" असं उत्तर आलं होतं. बारावी पिंपळदऱ्याची कांचन. पोह्याच्या कार्यक्रमात ती एकच वाक्य बोलली. म्हणाली, "तुमच्या ट्रकचा पाईप लांबून चमकतो."

मच्छिंद्र तिथंच खलास झाला. कारण तो पाईप त्याचा जीव होता. बाकीच्यांच्या ट्रकला धुराचा पाईप साधा लोखंडी, गंजलेला. यानं हौसेनं स्टेनलेस स्टीलचा बसवून घेतला होता, आणि रोज सकाळी देवाच्या आधी तो पाईप पुसायचा. अकरा जणींना जे दिसलं नाही ते हिला दिसलं. आता लग्न करीन तर हिच्याशीच, असं त्यानं मनाशी पक्कं केलं.

पण मुलीचे वडील कडक. आबासाहेब एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. रिटायर झाले तरी मनगटावरचं घड्याळ आणि तोंडातली शिट्टी गेली नव्हती. याद्या झाल्या तेव्हा त्यांनी मच्छिंद्राला बाजूला घेतलं.

"मुहूर्त बारा पस्तीसचा आहे. बारा छत्तीसला आलात, तर गाडी सुटलेली असेल."

मच्छिंद्र हसला. आबासाहेब हसले नाहीत.

आणि लग्नाला दोन दिवस राहिले असताना पाईपचा जोड फुटला. कांदा उतरवून येताना ट्रक असा भडाभडा ओरडायला लागला, की गावातली कुत्री पळाली. जोडाला तीन बोटं चीर पडली होती. धूर खालून फळ्यांच्या फटीतून वर यायचा, आणि वर बसणार होतं वऱ्हाड. दाट लग्नसराई. दुसरी गाडी मिळायची नाही. मिळाली असती तरी मच्छिंद्रानं घेतली नसती. तो पाईप चमकत मांडवासमोर गेला पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

फाट्यावर बशीरभाईचं वेल्डिंगचं दुकान. बशीरभाई पाईपाखाली आडवा झाला, बोट फिरवलं, आणि बाहेर येऊन म्हणाला, "कुणी गाढवानं स्टीलला लोखंडाचा रॉड लावलाय. टिकंल कसा? हे कापून नवीन जोडावं लागंल. स्टीलचे रॉड तालुक्यावरनं आणा. काम मी करतो. गॅरंटीनं."

हौशीराम दाजी लग्नासाठी आठवडाभर आधीच येऊन बसले होते. ते उठले. "मी आणतो की!"

मच्छिंद्र नको म्हणणार होता. पण दाजींना नको म्हणायचं कसं? बशीरभाईला त्यांची कल्पना नव्हती. तो म्हणाला, "जपून आणा हां दाजी. नाजूक माल असतोय."

हौशीराम तालुक्याला गेला. रॉडचा पुडा घेतला. बाहेर वैशाखाचं ऊन मी म्हणत होतं. पुडा हाताला गरम लागला. नाजूक माल म्हणजे काय, हे हौशीरामाला ठाऊक होतं. तो शेतकऱ्याचा मुलगा. मिरचीचं रोप नाजूक असतं, वांग्याचं असतं. त्यानं बादली विकत घेतली, निम्मी पाण्यानं भरली, पुडा फोडला आणि सगळे रॉड बादलीत उभे केले. बसमध्ये बादली मांडीवर घेऊन बसला. वाटेत दोनदा पाणी बदललं.

बशीरभाईनं बादलीत डोकावून बघितलं. रॉडवरचा जोडकामाचा मसाला गळून खाली चिखल झाला होता. त्यानं तो चिखल बोटानं चाचपला. मग म्हणाला, "दाजी, असं नसतंय करायचं. असल्या मालाला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. चुलीच्या उबेला ठेवायचा. वाजला पाहिजे, असा खडखडीत."

"एवढंच ना?" हौशीराम म्हणाला. "आधी सांगायचं नाही का?"

दुसरा पुडा मच्छिंद्र स्वतः जाऊन घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी घरात हळदीची गडबड. मच्छिंद्राच्या आईनं, म्हणजे हौशीरामाच्या सासूनं, पदर सावरत सांगितलं, "जावईबापू, माळ्याकडनं तेवढी फुलं घेऊन येता का? गजरे आहेत, हार आहेत, नवरदेवाच्या मुंडावळ्या आहेत. जपून आणा, नाजूक असतात."

नाजूक! हौशीराम मनात हसला. आता काय तो फसतोय होय? त्यानं फुलं आणली, पाण्याच्या घंगाळापासून दहा हात लांब धरली, आणि मागच्या दारी आचाऱ्याची चूल पेटली होती तिच्या कडेला गोणपाट टाकून त्यावर पसरली. शेजारी बसून राहिला. तासाभरानं एक गजरा उचलून कानाशी हलवून बघितला. वाजत नव्हता. आणखी अर्धा तास ठेवला. मग वाजला.

सासूबाईंनी टोपलीत हात घातला आणि मूठभर पाचोळा बाहेर काढला. तोंडावर पदर धरला. जावयासमोर रडताही येईना आणि ओरडताही येईना.

"जावईबापू," त्या पदरातूनच म्हणाल्या, "असं नसतं करायचं. ओल्या फडक्यात गुंडाळून आणायचं असतं. वाटेनं पाणी शिंपडत राहायचं. कोरडं पडू द्यायचं नाही."

"एवढंच ना? आधी सांगायचं नाही का?"

आता तुम्ही म्हणाल, घरच्यांना अक्कल नव्हती का? याला कामं सांगायचीच कशाला? अहो, लग्नघर होतं ते. ज्याचे हात रिकामे दिसतील त्याच्या हातात काहीतरी कोंबलं जातं. त्यात हौशीरामाचे हात भलतेच मोठे होते.

मच्छिंद्रानं पाईपाचे दोन तुकडे पॉलिश करायला घरी आणले होते. बशीरभाईनं टोकं घासून तयार करून दिली होती, फक्त जोडायचं बाकी होतं. दहा वाजता निरोप आला, पाईप पाठवा. मच्छिंद्राला घरच्या बायका सोडीनात. उद्याचा नवरदेव फाट्यावर हिंडतो काय! मग दाजीच राहिले.

हौशीरामानं दोन्ही तुकडे ओल्या धोतरात गुंडाळले. बरोबर तांब्या घेतला. दहा पावलं टाकायची, थोडं शिंपडायचं. दहा पावलं टाकायची, थोडं आतपण ओतायचं. आतलं कोरडं पडलं तर? फाट्यावर पोचेपर्यंत तीन तांबे झाले. रस्त्यात एकानं विचारलं, "काय न्हेताय दाजी, मासे का?"

"नाही," हौशीराम म्हणाला. "पाईप. सुकतोय."

बशीरभाईनं धोतर बाजूला केलं, बाहेरचं पाणी फडक्यानं टिपलं आणि काचेचा मुखवटा डोळ्यांवर ओढून काम सुरू केलं. ठिणगी पडली आणि जोड तडतडायला लागला, गरम तव्यावर पाणी मारल्यासारखा. आतलं पाणी सांधीतून झिरपत होतं. बशीरभाईनं मुखवटा वर केला. जोडाची चाळण झाली होती. पीठ चाळून घ्यावं अशी.

ते सगळं घासून काढायला त्याला दीड तास लागला. घाम पुसत तो म्हणाला, "दाजी, तुमच्या पाया पडतो. जोडायच्या आधी सगळं पुसून घ्यायचं असतंय. पाणी नको, तेल नको, पिवळा नको, काळा नको, कसलाच डाग नको. थिनर घ्यायचं, फडकं घ्यायचं, आणि मूळ रंग दिसेपर्यंत घासायचं."

"एवढंच ना? आधी सांगायचं नाही का?"

आणि पुढच्या वेळी लागेल म्हणून हौशीरामानं थिनरची बाटली आणि फडकं बरोबर घेऊन ठेवलं. हुशार माणूस एकदाच शिकतो.

तो घरी आला तेव्हा अंगणात हळद चालली होती. मच्छिंद्र पाटावर डोळे मिटून बसलेला. पाच सवाष्णींनी हळद लावून झाली होती, मग शेजारणींनी लावली, मग आत्यांनी, मग ज्यांचं काहीच नातं नाही त्यांनीही हात धुवून घेतले. तेलात कालवलेली हळद. बायका गाणी म्हणत होत्या. हौशीराम दारात थबकला.

तेल! आणि वर पिवळा डाग. आणि उद्या जोडायचं! अरे देवा, या बायकांना कुणी काही सांगितलंच नाही का?

त्यानं वेळ घालवला नाही. बायकांच्या घोळक्यातून वाट काढत तो गेला, मच्छिंद्राचा दंड धरला आणि थिनर ओतून घासायला लागला. मच्छिंद्राला वाटलं, एखादी दणकट आत्या असावी. मग आग झाली. त्यानं डोळे उघडले. हौशीराम मानेपर्यंत आला होता. मच्छिंद्राचा मूळ रंग सावळा. तो दिसला. त्यानंतर लाल दिसायला लागला.

"आई गं! दाजी! अहो दाजी!"

"हलू नका. थोडंच राहिलंय."

थिनरच्या वासानं बायका शिंकायला लागल्या. गाणं बंद पडलं. कलावती पाण्याची कळशी घेऊन धावली, ती तिनं भावाच्या अंगावर ओतली आणि नवऱ्याच्या हातातली बाटली हिसकावून घेतली. बाकी कुणाला बोलता येत नसलं तरी तिला येत होतं.

"अहो, हळद पुसतात का कुठं? काही कळतं का तुम्हाला? लावलेलं काढायचं नसतं! तसंच राहू द्यायचं. फार तर आपल्या हातानं आणखी थोडं लावायचं, आणि मुकाट्यानं बाजूला व्हायचं."

"एवढंच ना?" हौशीराम पडलेल्या आवाजात म्हणाला. या वेळी त्याला खरंच वाईट वाटलं होतं. मेहुण्याचा दंड टोमॅटोसारखा झालेला त्याला बघवेना. "आधी सांगायचं नाही का गं?"

संध्याकाळी पाच वाजता बशीरभाईचं काम झालं. जोड असा सुरेख बसला होता, की बोट फिरवलं तर कळू नये. पाईपातून वारा वाहून जोड बिघडू नये म्हणून त्यानं दोन्ही टोकांना फडक्याचे बोळे कोंबले होते. नमाजाची वेळ झाली. हौशीराम बाकावर बसलेला होता, कारण घरातून त्याला "जरा फाट्यावर जाऊन बसा" असं सांगितलं होतं.

"दाजी, जोड गार झाला की घेऊन जावा," बशीरभाई म्हणाला आणि गेला.

जोड गार झाला. हौशीरामानं पाईप उचलला. बघतो तर दोन्ही टोकांना फडकी. त्याचा हात पुढं गेला, आणि तिथंच थांबला. लावलेलं काढायचं नसतं. तसंच राहू द्यायचं. फार तर आपल्या हातानं आणखी थोडं लावायचं. त्यानं दुकानातल्या चिंध्यांच्या डब्यातून मूठभर चिंध्या घेतल्या, दोन्हीकडच्या बोळ्यांवर घातल्या आणि काठीनं सगळं छान आत ठासलं. वरून बघितलं तर आत काही आहे असं वाटू नये, इतकं आत. मग मुकाट्यानं बाजूला झाला.

लग्नाच्या दिवशी सकाळी सातला मच्छिंद्रानं पाईप बसवला. तीन पट्ट्यांनी ट्रकच्या अंगाला घट्ट आवळला. पाईप असा चमकत होता, की त्यात बघून एका करवलीनं टिकली सारखी केली. नऊ वाजता वऱ्हाड चढलं. म्हाताऱ्या पुढं, बायका मध्ये, पुरुष कडेला. बँडवाले खाली उभे. बशीरभाईसुद्धा पांढराशुभ्र पठाणी घालून आला होता. मच्छिंद्रानं मुंडावळ्या सावरत चावी फिरवली.

घुर्र... घुर्र... ठप्प.

पुन्हा. घुर्र... ठप्प.

डिझेल बघून झालं. फिल्टर बघून झाला. कुणी म्हणालं, नारळ फोडला नाही. नारळ फोडला. कुणी म्हणालं, लिंबू. लिंबू चिरडलं. पावणेदहा वाजले. मच्छिंद्राच्या कपाळावरचा घाम मुंडावळ्यांवरून टपटप गळायला लागला. त्याच्या डोळ्यांपुढं आबासाहेबांचं घड्याळ दिसत होतं. बारावी मुलगी, आणि तीही हातची जाते की काय! त्यानं देवाचं नाव घेतलं आणि दात आवळून चावी फिरवली.

धडाम्!

पाईपातून एक काळा गोळा सुटला तो थेट बँडच्या मोठ्या ढोलावर. ढोल घुमला. बँडवाल्यांना वाटलं, इशारा झाला. त्यांनी दणक्यात वाजवायला सुरुवात केली, आणि ट्रक चालू झाला.

मच्छिंद्र खाली उतरला. गोळा उलगडून बघितला. चिंध्या. त्यानं हौशीरामाकडं बघितलं. हौशीराम कौतुकानं हसत होता. मच्छिंद्राच्या घशाशी एक शब्द आला होता, तो त्यानं गिळला. बहिणीचा नवरा. जावई. त्यानं दोन्ही हात जोडले.

"दाजी, असं नसतं करायचं. गाडी सुटायच्या आधी पाईपाला जे जे लावलेलं असेल, ते ते काढून ठेवायचं असतं."

"एवढंच ना? आधी सांगायचं नाही का?"

मच्छिंद्र आईच्या पाया पडायला गेला. पाच मिनिटं लागली असतील. तेवढ्यात हौशीराम पाना घेऊन ट्रकखाली शिरला आणि बाहेर आला. वर चढून बसला. त्याच्या सदऱ्याचा खिसा जड झाला होता, आणि चेहऱ्यावर समाधान होतं.

सव्वादहाला ट्रक निघाला. बायकांनी गाणी सुरू केली. दोन तासांचा रस्ता होता. मच्छिंद्रानं हिशेब केला, सव्वाबाराला पोचू. त्यानं शिट्टी घातली. अकरा वाजून वीस मिनिटांनी ट्रक एका गतिरोधकावरून गेला. खणखणखण असा आवाज झाला. ट्रकखालून ठिणग्या उडाल्या. गाणी थांबली.

पाईप रस्त्यावर पडला होता.

मच्छिंद्र मटकन खाली बसला. फेटा काढून मांडीवर घेतला. "संपलं," तो म्हणाला. "बशीरभाई, संपलं सगळं. जोड गेला."

बशीरभाई धावत मागं गेला, पाईप उलटा-सुलटा करून बघितला आणि ओरडला, "जोड गेला म्हणतोस? डोळे आहेत का? केसभर हलला नाही माझा जोड! पण याच्या पट्ट्या कुठं गेल्या? तीन पट्ट्या होत्या, नटबोल्ट होते!"

हौशीरामानं खिशात हात घातला. एक एक करून तिन्ही पट्ट्या काढल्या, मग बोल्ट काढले, मग नट. सगळे मोजून बशीरभाईच्या हातावर ठेवले.

"एकही हरवू दिला नाही," तो म्हणाला.

वऱ्हाडातली एक म्हातारी म्हणाली, "याला खाली उतरवा." कलावतीनं तिच्याकडं असं बघितलं, की म्हातारी गप्प झाली. आपल्या नवऱ्याला आपण बोलावं, दुसऱ्यांनी नाही.

बशीरभाई पांढऱ्या पठाणीसकट ट्रकखाली शिरला आणि काळा होऊन बाहेर आला. बारा वाजायला दहा मिनिटं होती. त्याच्या हाताची बोटं भाजली होती, तरी त्यानं आवाज चढवला नाही. जावई हिवरखेड्याचा होता, म्हणजे त्याचाही होता.

"दाजी, इकडं या. ऐका. बांधलेलं सोडायचं नसतंय. बांधून झालं की दोन्हीकडनं धरायचं, आणि जोर लावून एक हिसका द्यायचा. तुटायचं तर इथंच तुटू दे, पुढं रस्त्यात नको. द्या बघू हिसका."

हौशीराम खाली वाकला. फडकं घेऊन पाईप दोन्हीकडनं धरला. सगळी ताकद लावून हिसका दिला. ट्रक हलला, वरच्या बायका एकमेकींवर पडल्या, पण पाईप जागचा ढळला नाही.

"आता कसं," बशीरभाई म्हणाला.

हौशीराम भारावून गेला होता. इतके दिवस लोक त्याला हे करू नका, ते करू नका सांगत होते. हे मात्र त्याला पहिल्यांदा नीट जमलं होतं. "एवढंच ना!" तो म्हणाला. "आधी सांगायचं नाही का?"

मच्छिंद्रानं ट्रक असा हाणला, की म्हाताऱ्या जपमाळ ओढायला लागल्या. पिंपळदऱ्याच्या मांडवासमोर ट्रक थांबला तेव्हा आबासाहेब फाटकात उभे होते. डोळे घड्याळावर.

"बारा बत्तीस," ते म्हणाले. "या."

मच्छिंद्राच्या जिवात जीव आला. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टका झाल्या, अक्षता पडल्या, माळा घातल्या. कांचननं मान खाली घातली होती, पण माळ घालताना तिनं हळूच मांडवाबाहेर, ट्रककडं बघितलं. मच्छिंद्रानं ते पाहिलं. त्याला वाटलं, थिनर, चिंध्या, सगळं फिटलं.

मग विधी सुरू झाले. नवरा-नवरी पाटावर बसली. समोर आबासाहेब आणि त्यांची बायको इंदूबाई कन्यादानाला बसले. मधोमध तांदळाची परात. भटजींनी मच्छिंद्राच्या उपरण्याची आणि कांचनच्या शेल्याची गाठ मारली. हौशीराम मानाच्या जागी, नवरदेवाच्या पाठीमागंच उभा होता. त्यानं गाठ नीट निरखून बघितली. भटजींनी ती बांधली आणि तशीच सोडून दिली. ओढून बघितली नाही.

हौशीरामाला चैन पडेना. म्हणजे आता हा जोड घेऊन मच्छिंद्र जाणार, आणि पुढं रस्त्यात काय होईल ते होईल?

तेवढ्यात कांचनचा भाऊ पुढं आला. कानपिळीचा मान त्याचा. त्यानं मच्छिंद्राचा कान धरला आणि चांगला पिळला. मच्छिंद्र "आई आई" करायला लागला, सगळा मांडव हसला. हौशीरामाचा जीव थोडा खाली आला. चला, यांच्याकडं पण ओढून बघायची पद्धत आहे. पण काय हा पोरगा! कान धरून ओढतोय, आणि तेही एकाच बाजूनं. एका बाजूनं ओढून काय कळतंय?

तो पुढं झाला. एका हातानं मच्छिंद्राचा दंड धरला. नेमका थिनरनं सोललेला. दुसऱ्या हातानं कांचनचा शेला धरला. पाय रोवले, आणि भर मांडवात गरजला,

"तुटायचं तर इथंच तुटू दे! पुढं रस्त्यात नको!"

आणि हिसका दिला.

मच्छिंद्र पाटावरून उडाला तो बँडवाल्याच्या मांडीत जाऊन बसला. कांचन एवढीशी पोरगी, पण तिनं दोन्ही मुठींनी गाठ धरून ठेवली होती. तीही त्याच्यामागोमाग फरफटत गेली. गाठ सुटली नाही.

भटजींचा मंत्र अर्ध्यावर राहिला. मच्छिंद्राचं तोंड पांढरं पडलं. लग्नात, देवाब्राह्मणांसमोर, नवऱ्याकडच्या माणसानं तोंडानं म्हणावं, तुटू दे?

आबासाहेब गुडघ्यावर हात ठेवून उठले, आणि कन्यादानासाठी त्यांच्या उपरण्याला पदर बांधलेल्या इंदूबाईंनाही त्यांच्याबरोबर उठावं लागलं. "सप्तपदी व्हायचीय अजून," आबासाहेब म्हणाले. "सात पावलं पडलेली नाहीत. अजून मोडता येतं. कांचन, ऊठ. असल्या माणसांच्या घरात..."

"बाबा, नाही सुटली," कांचन खालूनच म्हणाली. तिच्या मुठी अजून घट्ट होत्या. "बघा ना. मी धरलीय."

आबासाहेबांनी ऐकलं नाही. ते हौशीरामाकडं वळले. हौशीरामाचं मात्र त्यांच्या तोंडाकडं लक्षच नव्हतं. त्याला मांडवात आणखी एक गाठ दिसली होती. आबासाहेबांच्या उपरण्याला इंदूबाईंचा पदर.

"हा जोड कधीचा?" त्यानं विचारलं.

"काय?" आबासाहेब ओरडले.

"चौतीस वर्षांचा," इंदूबाई म्हणाल्या. नवऱ्यासमोर त्या सहसा बोलत नसत. पण पाहुण्यांनी विचारलं तर उत्तर द्यायला नको?

चौतीस वर्षं! आणि कुणी बघितला नाही? "दाजी, नको!" मच्छिंद्र बँडवाल्याच्या मांडीतून ओरडला. "अहो!" कलावती ओरडली. पण हौशीरामानं दोघांना धरलं होतं. तुटायचं तर इथंच, असं म्हणत त्यानं हिसका दिला.

सर्रकन गाठ सुटली.

आबासाहेब मागच्या मागं गेले आणि तांदळाच्या परातीत बसले. घड्याळ त्यांच्या मनगटातून निसटून होमाच्या तुपात पडलं. मांडवाच्या मधोमध इंदूबाई एकट्या उभ्या होत्या. त्यांच्या हातात पदराचं मोकळं टोक होतं. त्यांनी ते टोक बघितलं. परातीतल्या नवऱ्याकडं बघितलं. मग त्या हौशीरामाला म्हणाल्या,

"दाजी, तुम्ही आमच्या लग्नाला का नाही आलात हो?"

आधी एक म्हातारी हसली. मग बायकांची सगळी बाजू हसायला लागली, मग पुरुषांची. भटजी पोथी तोंडावर धरून हसले. कांचन हसता हसता मच्छिंद्राच्या खांद्यावर पडली. परातीत बसलेल्या आबासाहेबांनी सगळ्यांकडं डोळे वटारून बघितलं. मग बायकोकडं बघितलं. इंदूबाई इतक्या मोकळ्या हसताना त्यांनी चौतीस वर्षांत पाहिल्या नव्हत्या. त्यांचा हात आपोआप पुढं आला.

"गाठ मार गं," ते म्हणाले.

"मारते की," इंदूबाई म्हणाल्या. "घाई काय आहे? गाडी सुटतीय का?"

सात पावलं नीट पडली. लग्न पार पडलं. पंगतीत जावयाचा मान म्हणून हौशीरामाचं ताट आबासाहेबांच्या शेजारीच मांडलं होतं, आणि त्यांच्या पलीकडं इंदूबाई बसल्या होत्या. हौशीरामानं वाटी घ्यायला नुसता हात पुढं केला तरी आबासाहेब जिलेबी सोडायचे, आणि दोन्ही हातांनी बायकोचा पदर धरून बसायचे.